गुडघा सुजला, पण ट्रेनरला सांगितलं नाही

ताई,

माझं वय ४२. सात महिन्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना उडी मारून खाली आले आणि डाव्या गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, पूर्ण फाटलं होतं. महिन्याभरात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूचा बंध घेऊन त्याचं नवं लिगामेंट बसवलं. पाच महिने फिजिओथेरपी नेमाने केली. मग फिजिओ म्हणाल्या, ‘आता ताकद वाढवायची, जिमला जा, पण एकटी नको, पर्सनल ट्रेनर घे.’ घेतला. मुलगा तरुण आहे, मनमिळाऊ आहे, जीव ओतून शिकवतो. पहिले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी त्याने बॉक्सवर उड्या मारायला सांगितल्या. म्हणाला, ‘ताई, भीती मोडायला हवी.’ मी मारल्या, दहा-दहाचे तीन सेट. तेव्हा काही दुखलं नाही. रात्री गुडघा सुजला. सकाळी जिना उतरताना पाय पूर्ण सरळ होईना. दोन दिवसांत सूज उतरली. त्याला मी काहीच सांगितलं नाही, कामाचं निमित्त करून पुढचे दोन दिवस बुडवले. त्याला वाईट वाटेल, आणि ‘ही बाई कारणं सांगते’ असंही वाटेल, म्हणून गप्प बसले. मुलगी म्हणते, ‘आई, तू उगाच घाबरतेस.’ असेलही. गुडघा नाही म्हणतोय की माझं मन, हेच मला कळेनासं झालंय. ट्रेनर बदलू? जिम सोडू? मला पुन्हा बॅडमिंटन खेळायचंय.

— एक घाबरलेली खेळाडू

प्रिय मैत्रिणी,

गुडघा की मन, या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. भीतीने छातीत धडधडतं, तळव्यांना घाम सुटतो, उडी मारायच्या आधी पाय आखडतो. एवढं सगळं मन करू शकतं. गुडघ्यात पाणी भरणं मात्र मनाला जमत नाही. रात्री सूज आली आणि सकाळी पाय सरळ होईना, याचा अर्थ त्या दिवशी तुमच्या गुडघ्यावर त्याला पेलवेल त्याहून जास्त भार पडला. मुलीला एवढंच सांगा. ती प्रेमाने धीर द्यायला गेली आणि तुम्ही स्वतःवरच शंका घेऊ लागलात, असं झालंय.

जिममध्ये पुन्हा पाऊल टाकण्याआधी एकदा फिजिओला गुडघा दाखवा. दोन दिवसांत उतरलेली सूज बहुतेक वेळा भार अति झाल्याची असते, काही फाटल्याची नसते. पण पत्र वाचून गुडघा हाताला लागत नाही, म्हणून ‘बहुतेक’ या शब्दावर तुम्ही विसंबू नका. चालताना गुडघा अचानक सटकला, मध्येच अडकून बसला, साध्या चालण्यानेही पुन्हा सुजू लागला किंवा पूर्ण सरळ होईनासा झाला, तर थेट सर्जनकडे जा. गुडघा लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी जा.

सुजेबद्दल थोडं सविस्तर सांगते. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी माणसं दुखण्याकडे लक्ष देतात आणि सुजेकडे दुर्लक्ष करतात. तुम्हीही ‘तेव्हा काही दुखलं नाही’ असं लिहिलंयत. गुडघ्याच्या सांध्यात पाणी साचलं की सांध्यातून मणक्यातल्या मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम कमी होतो. स्नायू ढिला पडतो. दुखत नसलं तरी पडतो. १९८४ साली संशोधकांनी काही निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडं थोडं मिठाचं पाणी सोडून पाहिलं होतं. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू २० ते ३० मिलिलिटर पाण्यानेच मंदावला. म्हणजे चार ते सहा छोटे चमचे. एवढी सूज आरशात दिसेलच असं नाही. आणि उडी मारून खाली येताना धक्का झेलण्याचं मुख्य काम नेमकं याच मांडीच्या स्नायूंचं. ते अर्धवट झोपलेले असतील तर तो धक्का सांधा आणि नवं लिगामेंट यांच्यावर जातो.

म्हणून सुजलेल्या गुडघ्यानिशी पुढचे दोन दिवस तुम्ही गेला नाहीत, हे उत्तम झालं. का गेला नाहीत ते लपवलंत, अडचण तिथे आहे. त्याकडे येतेच.

आधी त्या उड्यांबद्दल. उडी मारणं वाईट नाही. तुम्हाला बॅडमिंटन खेळायचंय, म्हणजे कधी ना कधी उडी मारावीच लागणार. पण तुमच्या गुडघ्यात जे बसवलंय ते काही महिन्यांपूर्वीपर्यंत मांडीच्या मागचा बंध होता. नव्या जागी गेल्यावर त्याचा आधीचा रक्तपुरवठा तुटतो, जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू त्याचं लिगामेंटसारखं काहीतरी होत जातं. याला वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ लागतो. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. आतलं काम अर्धंच झालेलं असतं आणि बाहेरून पाय अगदी बरा वाटतो. ट्रेनरला तुमचा बाहेरचा पाय दिसला. चालता, वाकता, हसत हसत वजन उचलता. त्याने उडी दिली. त्याच्या जागी मी पंचविशीची असते तर कदाचित मीही दिली असती.

शिवाय ते दहा-दहाचे तीन सेट. हा आकडा सगळ्या जिममध्ये इतका रुळलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो जखमी गुडघ्यांमधूनच आलाय. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांवर काम करत होता. तोवरची पद्धत अशी होती की दुबळ्या पायाला हलकं हलकं काम पुष्कळ वेळा द्यायचं. त्याने उलट केलं. दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतकं वजन दिलं आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं तेव्हा तो एका बैठकीत ७० ते १०० वेळा वजन उचलायला लावत असे. पुढे त्याच्याच लक्षात आलं की हे जास्त होतंय. १९४८ साली त्याने ते तीन सेटांवर आणलं: पहिले दहा अर्ध्या वजनाने, दुसरे दहा पाऊण वजनाने, तिसरे दहा पूर्ण वजनाने. हे सगळं सावकाश वजन उचलण्यासाठी होतं. उडी मारून खाली येण्यासाठी नव्हतं. उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो क्षणात येतो. सहा महिन्यांच्या गुडघ्याला पहिल्याच दिवशी तसे ३० धक्के देणं म्हणजे चालायला लागलेल्या मुलाला शर्यतीत उभं करणं. माझ्या रुग्णांना उडीची परवानगी देते तेव्हाही पहिल्या दिवशी मी दोन्ही पायांवरच्या, जमिनीवरच्या, अगदी लहानशा उड्या देते. पाच-सहा. मग थांबते आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघते.

आता ते न सांगणं.

मी तिशीत असताना धावताना माझा घोटा मुरगळला. महिन्याभराने पुन्हा सरावाला गेले. प्रशिक्षकांनी विचारलं, ‘बरं आहे ना?’ मी म्हटलं, ‘एकदम.’ घोटा सकाळी आखडत होता, एका पायावर डोळे मिटून उभं राहिलं की डगमगत होता. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या कुणाचा असा घोटा पाहिला असता तर मीच त्याला घरी पाठवलं असतं. पण तिथे मी फिजिओ नव्हते, शिकणारी होते, आणि शिकणाऱ्याने कुरकुर करू नये हे अंगात इतकं मुरलेलं की खरं तोंडातून निघालं नाही. पंधरा दिवसांत तोच घोटा पुन्हा मुरगळला, आधीपेक्षा वाईट. प्रशिक्षकांना मी दोष देऊच शकले नाही, कारण त्यांनी विचारलं होतं.

त्यामुळे तुम्ही गप्प का बसलात हे मला नीट कळतं. जिममध्ये आपण विद्यार्थी होतो. समोरचा वयाने लहान असला तरी तिथे गुरू तोच. त्यात तो चांगला मुलगा असेल तर त्याचं मन मोडवत नाही. पण त्याच्या बाजूने बघा. चौथ्या दिवशी ३० उड्या घेतल्या, ताईंना काही झालं नाही, नंतर त्यांना काम निघालं. त्याच्या वहीत ‘उड्या जमल्या’ अशीच नोंद असणार. पुढच्या वेळी तो बॉक्स उंच करेल. त्यात त्याचा काहीच दोष नसेल. ज्या माहितीवर तो तुमचा व्यायाम ठरवतोय ती माहिती तुम्ही त्याला चुकीची दिलीत. हे टोचेल, पण त्याला गप्प राहून जपायला जाल तर अपाय तुम्हाला होईल आणि अपराधी तो वाटेल.

ट्रेनर बदलू का, याचं माझं उत्तर आत्ता तरी ‘नको’ असं आहे. एक नीट बोलणं आणि त्यानंतरचे दोन आठवडे, एवढी संधी त्याला द्या. वर्ग सुरू असताना बोलू नका. आधी फोन करा किंवा दहा मिनिटं लवकर जा. माफी मागत सुरुवात करू नका आणि आरोपही करू नका. घडलं ते घडल्या क्रमाने सांगा: ‘त्या दिवशी उड्या मारल्या, रात्री गुडघा सुजला, सकाळी सरळ होत नव्हता, दोन दिवसांनी उतरला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. फिजिओला दाखवलं, त्यांनी लिहून दिलंय. यापुढे व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते मी तुला कळवत जाईन, आणि त्यावरून आपण पुढचं ठरवू.’ बस.

मग तो काय करतो ते बघा. त्याची खरी परीक्षा इथे आहे, त्याच्या प्रमाणपत्रांपेक्षा मी याला जास्त मान देते. त्याने विचारलं, ‘किती सुजला होता? कुठे? किती वेळात उतरला?’ आणि वहीत लिहून घेतलं, तर तो ठेवण्यासारखा आहे, मग त्याला एसीएलची फारशी माहिती नसली तरी चालेल. माहिती मिळवता येते. तो ओशाळला, जरा गप्प झाला, तरी चालेल, माणूस आहे. पण ‘एवढं तर होणारच’, ‘दुखल्याशिवाय वाढत नाही’ असं म्हणाला, फिजिओचा कागद न वाचता बाजूला ठेवला किंवा ‘आण, मी जरा दाबून मोकळा करतो’ म्हणत गुडघ्याला हात घातला, तर त्याच दिवशी निरोप घ्या. निदान करणं आणि सांधा हाताळणं हे त्याचं काम नाही. व्यायाम नीट करून घेणं, चुकतंय ते पाहणं, भार हळूहळू वाढवणं आणि वेळेवर थांबवणं हे त्याचं काम, आणि ते काही कमी नाही. मी आठवड्यातून एकदा अर्धा तास बघते ते तो आठवड्यातून तीनदा तासभर बघतो.

फिजिओकडून आणायचा कागद एका पानाचा असावा. शस्त्रक्रियेची तारीख, कोणत्या बाजूचा गुडघा आणि नवं लिगामेंट कशापासून बनवलं ते त्यात हवं. तुमचा बंध मांडीच्या मागून घेतलाय, म्हणजे तिथे दुसरी एक जखम भरून येतेय. टाच मागे ओढायचं मशीन, पाय ताठ ठेवून कमरेतून वाकून वजन उचलणं, हे तुमच्याकडून जपूनच करून घ्यायला हवं. गुडघ्याच्या वाटीखालचा बंध घेतला असता तर काळजीची जागा वेगळी असती, तेव्हा गुडघ्यावर बसणं आणि खोल वाकणं सांभाळावं लागलं असतं. बहुतेक ट्रेनरांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. बसून पाय सरळ करायचं जे मशीन असतं, लेग एक्स्टेंशन, त्यावर किती कोनापर्यंत आणि किती भार चालेल, हेही फिजिओनेच लिहून द्यावं. धावणं, उडी आणि झटक्यात वळणं, या तिन्हींपुढे ‘आत्ता नाही’ किंवा ‘चालेल’ असं एकच स्पष्ट उत्तर असावं. खाली फिजिओचा फोन नंबर. त्या दोघांचं एकदा पाच मिनिटं बोलणं झालं तर तुमच्या मध्यस्थीपेक्षा कितीतरी बरं, कारण रुग्ण निरोप पोचवताना स्वतःला हवा तसा वळवतो. मीही वळवला असता.

रोजचं माप सोपं आहे. शिवणकामाची टेप घ्या. सकाळी उठल्यावर पाय सरळ ठेवून बसा, मांडी ढिली सोडा आणि वाटीच्या बरोबर मधून गुडघ्याचा घेर मोजा. दोन्ही गुडघ्यांचा. आठवडाभर मोजलंत की तुमच्या गुडघ्याचा नेहमीचा आकडा कळेल, कारण टेप धरण्यातही थोडं इकडेतिकडे होतं. पुढे व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी घेर नेहमीपेक्षा स्पष्ट वाढलेला दिसला किंवा पाय आदल्या दिवशीइतका सरळ होत नसेल, तर आदला दिवस जास्त झाला. पुढच्या वेळी एक पायरी खाली या. व्यायाम करताना शून्य ते दहामध्ये दोन-तीनपर्यंतचं दुखणं, जे थांबल्यावर विरतं आणि सकाळी उरत नाही, ते मी चालवून घेते. स्नायू भरून येणं, मांडी जड होणं, दोन दिवस बसता-उठता जाणवणं, हे तर व्हायलाच हवं. सहा महिने आळसावलेली मांडी जागी होते तेव्हा ती बोलतेच. हे दुखणं मांसात असतं, पसरट असतं, दाबलं की बरं वाटतं. सांध्याचं दुखणं खोल असतं, बोट ठेवून जागा दाखवता येते. टोचणारी कळ आली तर तो सेट तिथेच सोडायचा, ‘अजून दोनच राहिलेत’ असा हिशोब करायचा नाही.

वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वजन, किंवा किती वेळा, किंवा किती खाली बसायचं, किंवा वेग. चारही एकदम वाढवलं आणि सूज आली तर कशामुळे आली ते कळणारच नाही. उडीच्या दिवशी तुमचं तेच झालं: प्रकार नवा, वेग नवा, संख्या मोठी.

आणखी एक गोष्ट ट्रेनरला आवर्जून सांगा. स्क्वॉट घेताना त्याने समोर उभं राहून तुमच्याकडे बघावं. बाजूने बघितलं तर पाठ दिसते, समोरून बघितलं तर लबाडी दिसते. दोन्ही पायांवरच्या व्यायामात शरीर न कळत चांगल्या पायावर झुकतं. कंबर जराशी उजवीकडे सरकते, डावी टाच हलकी होते, वजन मात्र उचललं जातं. वही सांगते प्रगती झाली, आणि ती सगळी उजव्या पायाची असते. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने ही सवय टिकते. म्हणून निम्म्याहून जास्त व्यायाम एकेका पायावरचा हवा: एका पायाने लेग प्रेस, छोट्या पायरीवर चढणं आणि सावकाश उतरणं, आधार धरून एका पायाने खुर्चीवर बसणं. सुरुवात नेहमी डाव्या पायाने करा. डाव्याला जितकं जमेल तितकंच उजव्याने करा असं काही ट्रेनर सांगतात. मला ते पटत नाही. उजवा पायही सहा महिन्यांत कमकुवत झालेला आहे, त्याला त्याचं पूर्ण काम मिळू द्या. एका बाजूच्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्या बाजूला पोचतो हे १८९४ सालीच दिसून आलंय. हात, पाठ, पोट यांचे व्यायाम तर बिनधास्त करा. गुडघ्यासाठी सगळं शरीर रजेवर पाठवायचं कारण नाही.

आता भीती. ट्रेनर म्हणाला ती मोडायला हवी. मला वाटतं तिच्याशी जरा आदराने वागायला हवं. तुम्ही उडी मारून उतरलात आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज ऐकलात. उडी मारायच्या आधी ते शरीराला आठवणार नाही तर काय? ही भीती इतकी सर्रास आढळते की फिजिओ ती मोजण्यासाठी एसीएलच्या रुग्णांकडून १२ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, एसीएल-आरएसआय नावाची. तुमच्या फिजिओंना तिच्याबद्दल विचारा. उत्तरं भरताना तुम्हालाच कळेल की भीती नेमकी कशाची आहे, उडीची, वळण्याची की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची. २०१४ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ८१ जण कुठला ना कुठला खेळ पुन्हा खेळू लागतात, पण आधीच्या पातळीवर ६५ जणच परततात. मागे राहिलेल्यांत गुडघा उत्तम असलेलेही बरेच असतात. त्यांना त्यावर भरवसा टाकता येत नाही.

भरवसा कसा येतो? मी पाहिलंय तो असा. जे भीतीदायक आहे त्याची अगदी पातळ आवृत्ती करायची, ती इतक्या वेळा करायची की कंटाळा येईल, आणि मग थोडी घट्ट करायची. बॉक्सवर उडी भीतीदायक आहे ना? मग बॉक्सवरून नुसतं उतरणं. तेही नको वाटलं तर चवड्यांवर उंच होऊन टाचा धपकन खाली टाकणं. दर वेळी दुसऱ्या दिवशी गुडघा शांत राहिला की त्याची नोंद मनात होते, तुम्ही केली नाही तरी. त्या चौथ्या दिवशी उलटं झालं. उडी मारलीत आणि गुडघा सुजला, म्हणजे भीतीला साक्षीदार मिळाला. म्हणूनच मी घाईच्या इतकी विरोधात आहे. घाईने गुडघा दोन दिवसांसाठी सुजतो, पण भरवसा महिनोन्महिने मागे जातो.

बॅडमिंटनचं. तुम्हाला पुढच्या महिन्यात खेळायचं असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. बॅडमिंटनमध्ये गिरकी, अचानक थांबणं, एका पायावर उतरणं, सगळं येतं, आणि नेमकं तेच एसीएलचं काम. २०१६ साली नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा खेळांकडे परतणं शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालेलं त्यांना आढळलं. तुम्ही सहाव्या महिन्यावर आहात. अजून किमान तीन महिने, आणि तेव्हाही नुसता कॅलेंडरवरचा आकडा पुरेसा नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी हवी, एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांनी जवळपास सारखी पडायला हवी, आणि सूज अजिबात नको. या चाचण्या फिजिओ घेतात. तोवर रॅकेट हातात घ्यायला काहीच हरकत नाही. फिजिओची परवानगी काढा आणि जागच्या जागी उभं राहून कुणाशी तरी फुलं टोलवा. हात विसरत नाहीत, पण त्यांना आठवण दिलेली आवडते. तुम्ही सहीत ‘खेळाडू’ लिहिलंत, ते मला फार आवडलं.

परतल्यावर पहिला दिवस मुद्दाम हलका ठेवा. सूज यायच्या आधी, तिसऱ्या दिवशी जे केलं होतंत त्याच्या निम्म्याने सुरू करा. दहा मिनिटं सायकल, मग एकेका पायाचे दोन-तीन व्यायाम, मग पाठ आणि हात. बाहेर पडताना अजून करता आलं असतं असं वाटलं पाहिजे. घरी आल्यावर नेहमीसारखं वागा, गुडघ्याला उचलून उशीवर ठेवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावा, आकडा लिहा आणि ट्रेनरला कळवा. सूज नसेल तरी कळवा. ‘आज काही नाही, नेहमीचाच आकडा’ एवढा निरोप सात-आठ वेळा गेला की नवव्या वेळी ‘आज सुजलाय’ हे सांगताना तुम्हाला शब्द जुळवावे लागणार नाहीत, आणि त्यालाही ते कारण वाटणार नाही.

तीन महिन्यांनी चाचण्या झाल्या की मला पुन्हा लिहा. आकड्यांसकट.

तुमची,
ताई